माऊसपॅड बदलून पाहिलं

लातुरात क्लासेसच्या गल्लीत एका डीटीपीच्या दुकानात मी बरीच वर्षं काम करते. सरांनी पेन्सिलीनं खरडलेल्या प्रश्नपत्रिका कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि त्यातल्या आकृत्या काढायच्या, हे माझं काम. टायपिंग कुणालाही जमतं. आकृत्या मात्र माझ्याकडेच येतात, कारण माझी रेघ स्वच्छ येते. हृदयाचा छेद, बेडकाचं पोट, भिंगातून वाकून जाणारे किरण. त्यातलं शास्त्र विचारलंत तर मी तोंडघशी पडेन, पण हृदयातली कोणती रेघ कुठून निघून कुठे टेकते ते झोपेतही सांगेन. आमच्या घरात मला फटकळ म्हणतात. माझं म्हणणं, ज्याची रेघ सरळ त्यानं बोलणं वाकडं का ठेवावं?

ही रेघ मुळात माझी नाही, बाबांची आहे. बाबा कंधारला बोर्ड रंगवायचे. किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, शाळेच्या भिंती, पार नायगावपर्यंतच्या गावांच्या पाट्या. जयंती जवळ आली की आमच्या वस्तीतल्या विहाराची कमान दरवर्षी बाबाच निळ्या रंगानं नव्यानं लिहायचे. डाव्या हातातली काठी भिंतीला टेकवायची, तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं, आणि श्वास धरून अक्षराची उभी रेघ वरून खाली एका दमात ओढायची. मी खाली डबा धरून उभी असायचे. ती रेघ खाली येईपर्यंत मीही श्वास धरायचे.

तर दिवाळीच्या साफसफाईत मालकांनी माझं जुनं माऊसपॅड केराच्या टोपलीत टाकलं. टाकण्यासारखंच झालं होतं ते. मधलं कापड झिजून पांढरं पडलेलं, मनगटाच्या जागी तेलकट काळा डाग, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. त्याच्या जागी मालकांनी नवंकोरं आणलं, निळं, कडेला शिवण घातलेलं. आमचे मालक वस्तूवर जीव टाकणारे गृहस्थ. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर शोरूममधलं प्लास्टिक अजून आहे. फाटून चिंध्या झाल्यात, बसलं की टोचतं, पण काढायचं नाव नाही. मला म्हणाले, "ताई, वरचं प्लास्टिक काढू नगा बरं. डाळमिलची धूळ लई बेकार. हप्त्यात काळं पडतंय." मी हसले नाही. आमच्याही घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो आणि गादीवर कंपनीचं प्लास्टिक कूस बदलली की कुरकुरतं. नवी वस्तू जपायची म्हणजे अशीच जपायची, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी हृदय काढायला घेतलं. महाधमनीची कमान असते, छत्रीच्या दांड्यासारखी वळलेली, ती मी हातानंच ओढते. ओढली, आणि पडद्यावर बघते तर काठाला दाते. रेघ जिथे गोल वळायला हवी तिथे थरथरत वळलेली. पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. मग नुसता कर्सर, पडद्यावरचा तो छोटा बाण, सावकाश आडवा नेऊन पाहिला. तो सरळ जाईना. बारीक थरथरत, मध्येच उडी मारत जात होता.

अशी रेघ मी आधी पाहिली होती.

बाबांची पहिली थरथरलेली रेघ एका पिठाच्या गिरणीच्या बोर्डावर आली होती. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांनी ब्रश डोळ्यांसमोर धरून बघितला आणि म्हणाले, "ह्याचे केसच वाकडे हायत." दुसरा आणला. त्याचेही केस वाकडे निघाले. मग ब्रश घासलेटात बुडवून ठेव, साबणानं धू, दोऱ्यानं आवळून बांध, असं सगळं झालं. कंधारच्या एकाच दुकानातून ते ब्रश आणायचे आणि दुकानदाराला शिव्या घालत घरी यायचे. आई म्हणायची, हात दाखवून घ्या. ते म्हणायचे, "हाताला काय झालंय? जेवून राहिलो न्हाई का ह्याच हातानं?" आणि ते खरं होतं. जेवताना, विडी पेटवताना हात एकदम ठीक असायचा. फक्त ब्रश धरला की थरथरायचा. त्या वर्षी कमानीवरची अक्षरं अशी आली की वस्तीतली जाणती माणसं खाली उभी राहून वर बघत राहिली आणि कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी कमानीला फ्लेक्स आला. फ्लेक्समुळे पेंटरांची कामं गेली असं सगळीकडे म्हणतात, बाबाही तेच सांगतात. आम्ही घरच्यांनी ते कधी खोडून काढलं नाही.

शेवटी हातातला चहा सांडायला लागला तेव्हा त्यांना नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाबांना हात पुढे धरायला सांगितलं, कागदावर गोल काढायला सांगितला. मग विचारलं, "घरात आणखी कुणाचा हात असा होता का?" बाबा म्हणाले, "माझ्या बापाचा व्हता. मरंस्तोर." डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मी बाबांच्या खुर्चीमागे उभी होते, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून. ती मान हललेली मी आजवर विसरलेली नाही.

म्हणून दुकानात त्या दिवशी मी पहिलं काम काय केलं, तर माऊसवरून हात काढून घेतला. कर्सर जागच्या जागी गप्प उभा. हात ठेवला, हलवला, कर्सर थरथरायला लागला. हात काढला, गप्प. यापेक्षा स्वच्छ निकाल आणखी कोणता हवा होता? मालक समोर पावती फाडत होते. त्यांनी विचारलं, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "काही नाही, पॅड बरोबर नाही." हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला बाबांचं वाक्य ऐकू आलं. ह्याचे केसच वाकडे हायत.

पण खापर फोडायला पॅड मिळालं होतं आणि ते मी सोडलं नाही. त्याच संध्याकाळी गंजगोलाईत कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे पॅडच्या एवढ्या तऱ्हा असतात हे मला माहीतच नव्हतं. कापडी, रबरी, पत्र्यासारखी कडक, टेबलभर पसरणारी. मी प्रत्येकावर हाताची मागची बाजू फिरवून बघत होते, आई बाजारात साडीचा पोत बघते तशी. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मॅडम, गेम खेळायला पायजे का?" मी म्हटलं, "हृदय काढायला पाहिजे." बारीक विणीचं काळं पॅड निवडलं, आमच्या दुकानात आणलं, आणि आमच्याकडे पुस्तकाच्या कव्हराचं पारदर्शक प्लास्टिक असतं त्यात बेतून, मागून चिकटपट्टी लावून नीट बसवलं. मालक बघून खूश झाले. माऊस ठेवला. रेघ थरथरली.

मग कडक पॅड आणलं. त्यालाही कव्हर घातलं. थरथरलं. मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला नांदेडला गेले तेव्हा मांडवातून निसटून बाजारात गेले आणि मनगटाखाली गादी असलेलं एक फुगीर पॅड घेतलं. दुकानदार म्हणाला, हात दुखणाऱ्यांसाठी हे चांगलं. मी तडकून म्हटलं, "माझा हात दुखत नाही." त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? परत येऊन त्यावर मनगट टेकवलं तेव्हा मला बाबांची काठी आठवली. त्यांनीही शेवटी शेवटी काठी बदलली होती, जाड घेतली होती. मनगट गादीवर, गादी कव्हरात, आणि पडद्यावर रेघेला तेच दाते.

त्या दिवसांत मी सतत भ्यायलेली होते. दुसरा शब्द नाही. घरी मी गुपचूप परीक्षा घ्यायचे स्वतःची. पेला काठोकाठ भरून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत न्यायचा. सुईत दोरा ओवायचा. हात पुढे करून त्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा आणि कागदाची कड हलते का बघायची. पेला सांडत नव्हता, दोरा ओवला जात होता, कागद कधी हललेला वाटायचा तर कधी पंख्यानं हलतोय असं वाटायचं, म्हणून मी पंखा बंद करून घामाघूम होऊन बसायचे. नवरा विचारायचा, हे काय चाललंय? मी म्हणायचे, काही नाही, हात वाळवतेय. आणि सगळं ठीक निघालं तरी जिवाला थंडावा नव्हता, कारण बाबांचाही हात जेवताना ठीकच होता. थरथर कामाला हात लावला की सुरू होते, हे मला आमच्याच घरानं शिकवलं होतं.

दुकानात मी आकृत्या हातानं ओढणं बंद केलं. एकेक बिंदू ठेवायचा, बिंदूंना रेघ जोडायची, मग ती वाकवायची. वेळ दुप्पट लागायचा. सरांचे फोन यायचे, मालक टेबलाशी घुटमळून जायचे, काही बोलायचे नाहीत. वस्तीतली माणसं कमानीखाली उभी होती तसंच ते उभे राहतात असं मला वाटायचं. एकदा मनात आलं, मालकांनाच म्हणावं, तुम्ही जरा माऊस फिरवून बघा. एवढं साधं होतं. त्यांच्या हाताखाली रेघ थरथरली तर दोष माझा नाही. पण सरळ गेली तर? त्या 'तर'ला मी एवढी घाबरले की त्यांना माऊसजवळ फिरकू दिलं नाही. डॉक्टरांच्या गल्लीतून जायची वेळ आली तर मी पलीकडच्या बाजूनं, बोर्डाकडे न बघता जायचे. लोकांना वाटत असेल बाई कुणाचं देणं चुकवतेय.

हिवाळा सरता सरता बाबा लातूरला आले, डोळे दाखवायला. कंधारहून एसटीनं एकटेच आले. डॉक्टरांची वेळ दुपारनंतरची होती, म्हणून मी त्यांना दुकानातच बसवून घेतलं, माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. मालक त्यांना ओळखून आहेत. "या पेंटर," म्हणाले आणि चहा सांगून बँकेत गेले.

बाबा माझ्या पडद्याकडे बघत होते. जगात एक माणूस असा आहे जो माझी रेघ बघून एका क्षणात ओळखेल, आणि तो माझ्या खांद्याशी बसला होता. मी उगाच प्रश्नांचे आकडे नीट करत बसले.

"चित्र काड की गं," बाबा म्हणाले. "तुजं काम बगावं मनलं."

"काढते. चहा तर घ्या आधी."

चहा आला. काचेचा छोटा पेला, काठापर्यंत भरलेला. एरवी मी त्यांना अर्धाच पेला देते, दोन्ही हातांनी धरा म्हणते. त्या दिवशी माझं लक्षच ठिकाणावर नव्हतं. त्यांनी उजव्या हातानं पेला उचलला, हात थरथरला, चहा आधी त्यांच्या बोटांवर आणि मग भसकन माझ्या टेबलावर. कीबोर्ड मी झटकन उचलला. माऊस उचलला. चहा पॅडवरून पसरला आणि कव्हराच्या चिकटपट्टीतून आत शिरला.

"मायला ह्या हाताच्या," बाबा म्हणाले. चेहरा एवढासा झाला त्यांचा. "आता मालक बोलंल तुला."

"काही बोलत नाही, बाबा. भाजलं का ते सांगा." त्यांची बोटं मी ओढणीनं पुसली. मग पॅडचं कव्हर टराटरा फाडून काढलं, आतलं कापड फडक्यानं टिपलं. चहा एका कोपऱ्यातच मुरला होता, बाकीचं कोरडं होतं. दुसरं प्लास्टिक बेतायचं म्हणून कात्री शोधत होते, तेवढ्यात मालकांचा फोन आला, अमुक सरांना पेपर आत्ता पाठवा. म्हणून तसंच, उघड्या कापडावर माऊस ठेवला आणि फाइल उघडायला कर्सर खाली नेला.

तो तेल लावल्यासारखा सरळ गेला.

मी हात उचलला. पुन्हा ठेवला. डावीकडून उजवीकडे नेला, गोल फिरवला. मग कोरं पान उघडून महाधमनीची कमान एका दमात ओढली. दाता नाही, थरथर नाही, माझी जुनी रेघ. फाडलेलं प्लास्टिक केराच्या टोपलीतून काढलं, पॅडवर पसरलं, त्यावरून ओढली. थरथरली. काढलं. सरळ. मी चार वेळा तेच केलं, आणि पाचव्यांदा मला रडूच फुटलं. खालचा पोत बघून चालणारा माऊसच्या पोटातला लाल दिवा प्लास्टिकच्या चकाकीवर गोंधळत होता, एवढंच. एकामागून एक पॅड मी आणलं आणि प्रत्येकाला माझ्याच हातानं तेच कव्हर चढवलं.

"काय झालं गं माय?" बाबा घाबरून उठले. "लई नुकसान झालं का?"

आणि मग मी बोलत सुटले. कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं त्यांना सांगितलं. पहिली रेघ, भरलेला पेला, पंखा बंद करून हातावर ठेवलेला कागद, नांदेडच्या डॉक्टरांची हललेली मान. "मला वाटलं तुमचा हात माझ्यात आला, बाबा," मी म्हटलं, आणि रडता रडता हसायला लागले. "हात नव्हताच! प्लास्टिक होतं! सगळ्यांवर एकच प्लास्टिक!"

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो माझ्या केसांत थरथरत होता आणि त्या थरथरीची मला आयुष्यात पहिल्यांदाच भीती वाटली नाही. तीही फक्त तेवढाच वेळ. मग ते खाली बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"मंग," ते म्हणाले, "माजेबी ब्रश एकाच दुकानातले व्हते की."

मी डोळे पुसत होते. माझा हात तिथेच थांबला.

"सगळे त्याच्याचकडून आणायचो म्या. एक खराब मनून दुसरा, तर त्यो बी त्याच्याचकडचा. दुसऱ्या गावचा ब्रश आणूनच बगितला न्हाई कदी." त्यांच्या आवाजात काहीतरी चढत होतं. "हातात दोष आसता तर जेवताना न्हाई का आला आसता? व्हय का न्हाई?"

नुकताच सांडलेला चहा टेबलाच्या कडेवरून अजून ठिबकत होता. तो दाखवायला बोट पुढे करावं, एवढंच करायचं होतं. मी फटकळ बाई, सरळ बोलणारी. माझ्यानं झालं नाही. "असेल," मी म्हटलं. "असेल तसं, बाबा."

बाबा म्हणाले, डोळ्यांचे डॉक्टर राहू दे. आधी ब्रश. पेपर पाठवला आणि दुकानाला कुलूप लावून मी त्यांना रिक्षानं रंगाच्या दुकानात नेलं. रस्ताभर ते बोलत होते, कमान यंदा रंगातच करू, फ्लेक्स उन्हानं फाटतो, वस्तीत सांगावं लागेल. स्वतःच्या हातासाठी भ्याले त्यापेक्षा मी त्या रिक्षात जास्त भ्याले.

त्यांनी ब्रश फार बारकाईनं निवडले. केस तळहातावर दाबून पाहिले, फुंकर घातली, डोळ्यासमोर धरून टोक बघितलं. हे सगळं करताना हात जवळजवळ स्थिर होता, आणि मलाही क्षणभर वाटून गेलं की कोण जाणे. मग त्यांनी दुकानदाराकडे पाणी मागितलं. पेंटर लोक नवा ब्रश असाच बघतात. पाण्यात बुडवून दुकानाच्या बाहेरच्या तापलेल्या भिंतीवर एक उभी रेघ. काठी नव्हती, म्हणून त्यांनी डावा हात भिंतीला टेकवला आणि उजवं मनगट त्यावर ठेवलं. त्यांनी श्वास धरला. मीही धरला.

ओली रेघ भिंतीवरून खाली आली, वरपासून खालपर्यंत थरथरत. लातूरच्या उन्हात ती वरून वाळायलाही लागली. बाबा ती पूर्ण वाळेपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी ब्रश झटकला आणि दुकानदाराकडे परत दिला.

"ह्यो बी खराब हाय," ते म्हणाले. "दुसरा दाखवा."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. "दाखवा ना," मी म्हटलं. "दुसरा दाखवा."